गरम इंजिनाचे व्हॉल्व्ह

मी, छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करणारी मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मला वेडी ठरवायची खटपट करू नये.

१. माझी शेड, राहती खोली व सर्व हत्यारं दादाच्या मुलीला. ती बापाचा हँगर सोडून माझ्याकडे काम शिकायला आली, तेव्हापासून त्याने तिच्याशी अबोला धरला आहे. पोरी, व्हॉल्व्हचा गॅप मोजायचा फिलर गेज कोणालाही उसना देऊ नकोस.

२. दादाला एक जळका व्हॉल्व्ह. त्याची हकीकत अशी. आम्ही दोघं एकत्र काम करत होतो तेव्हा फवारणीच्या विमानाचे व्हॉल्व्ह लावायचे होते, आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी म्हटलं, "दादा, इंजिन गार होऊ दे. गरम असताना गॅप वाढलेला दिसतो. आत्ता कमी केलास तर गार झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसणार नाही, जळेल."

"मला शिकवू नकोस," म्हणत त्याने पाना उचलला.

पुढे हाच व्हॉल्व्ह जळून ते विमान शेतात कोसळलं. पायलटचा पाय कायमचा अधू झाला. दादाने गावभर सांगितलं, व्हॉल्व्ह धाकटीने लावले होते. त्या पायलटशी माझं लग्न ठरलं होतं, ते मोडलं.

३. वहिनीला काही नाही. तिला सगळं ठाऊक होतं.

४. दादाच्या हँगरखालची जमीन मी केव्हाच विकत घेतली आहे. वकिलांच्या हाती तो भाडं देतो ते मलाच, याचा त्याला पत्ता नाही. तीही भाचीला. दादाने सगळ्या कामगारांसमोर "इंजिन गरम होतं, व्हॉल्व्ह मी लावले" असं खणखणीत सांगितलं, तर मरेपर्यंत तिथे राहावं. पुटपुटलेलं चालणार नाही. नाहीतर महिन्याभरात हँगर रिकामा करावा. तो रडला तरी भाचीने विरघळू नये.

५. साक्षीला डॉक्टर आणि तोच पायलट. मसुदा वाचून पायलटने विचारलं,

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दवाखान्यात, तुझ्या खाटेपाशी उभी राहून. तू भिंतीकडे तोंड केलंस."

"माझ्यासाठी... एखादी वस्तू तरी?"

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. म्हणूनच त्याला बोलावलं.

लिहून ठेवणार: मेकॅनिक (सही)
साक्षीदार: डॉक्टर (सही), पायलट (सही, पहिली खोडून दुसऱ्यांदा)
स्थळ: धावपट्टीलगतची माझी शेड
दिनांक: ९ मार्च