गट क्रमांक चार बोलत का नाही?

सोमवार, ३ तारीख, सकाळ
आजपासून ऑनलाइन गटकार्य. गट क्रमांक चार माझा. सहा मुलं, सगळ्यांना मिळून एक फाइल. विषय: आपल्या गल्लीचं पाणी कुठे जातं? शनिवारी मुख्याध्यापिका मॅडम मुलांचा सहभाग बघणार आणि त्यावरून माझा करार वाढवायचा का ते ठरवणार. घाबरायचं कारण नाही. मुलांना बोलतं करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

संध्याकाळी ६
सहाही जणांनी दोन-दोन ओळी लिहिल्या! पण काय ते लिहिणं! एकाने तर लिहिलंय, पाण्याला वर चढायचा कंटाळा येतो. सगळं पुसून मी नीट लिहून काढलं. समोर आदर्श असला की मुलं आपोआप शिकतात.

मंगळवार, ४
नवी ओळ नाही. आदर्शाचा अभ्यास करत असावीत.

बुधवार, ५
मीटिंग घेतली. सहा काळे चौकोन. 'मोकळेपणाने बोला' या विषयावर मी बावन्न मिनिटं बोललो. शंका विचारा म्हटलं, तर शांतता. म्हणजे सगळं कळलं. बायको म्हणते, वर्गात बोलतात म्हणून ओरडत होतात, आता बोलत नाहीत म्हणून ओरडताय, एकदा काय ते ठरवा. तिला शिक्षणशास्त्र कळत नाही.

गुरुवार, ६
फाइल जैसे थे. नवा नियम: प्रत्येकी तीन प्रतिक्रिया, नाहीतर गुण कापणार. तासाभरात अठरा प्रतिक्रिया! अठराही 'छान सर'. आकडा समाधानकारक.

शुक्रवार, ७, दुपार
हातपाय गाळून चालणार नाही. प्रत्येकाला एक रंग दिलेलाच आहे. सहाही रंगांत मीच दोन-दोन परिच्छेद लिहून टाकले. ही फसवणूक नव्हे. मुलांच्या मनातलंच लिहिलंय, फक्त ते त्यांच्या मनात अजून आलेलं नाही. हिरवा फारच सुरेख उतरलाय. हिरव्या मुलीला जादा गुण द्यावे लागणार.

शनिवार, ८
मीटिंगमध्ये मॅडमनी रंगांचं कौतुक केलं. मग फाइलमध्ये कुठलंसं बटण दाबलं. कोणी काय लिहिलं, कोणी काय पुसलं, सगळं त्यात दिसतं म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळीकडे माझंच नाव.

मॅडमनी मुलांना विचारलं, तुम्ही का नाही लिहिलं? हिरवी म्हणाली, लिहिलं होतं, सरांनी पुसलं. कंटाळावाला म्हणाला, त्याचे आजोबा नळदुरुस्ती करतात, ते असंच समजावून सांगतात. मग सहाही जणांनी कॅमेरे सुरू केले आणि एकमेकांना तोडत पंधरा मिनिटं बोलले. गल्लीतलं एकेक झाकण पाहून आले होते. मी तोंड उघडलं, तर मॅडमनी मला म्यूट केलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, एवढा सहभाग आज कुठल्याच गटात दिसला नाही. मला रडू आलं, पण कॅमेरा चालू होता. करार तीस तारखेला संपतोय. तो वाढवणार नाही, असंही त्या म्हणाल्या.