उन्हात धरलेला टॅब

॥ श्री ॥
डोंबिवली

प्रिय संचू,

अनेक आशीर्वाद. बाबांच्या हाती पिशवी पाठवतेय. तिच्यात खाली एक खोकं आहे, ते पत्र वाचून झाल्यावरच उघड. आधी उघडलंस तर भलतंच समजशील. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. कागदावर निदान आवाज चढत नाही. उद्या दुपारी मुरबाडच्या बाजूला मोठा वळीव धरणार आणि तू आणि सहदेव जीप घेऊन त्याच्या मागे निघणार, हे सहदेवच्या आईकडून कळलं. तिला वाटलं, मला माहीतच असेल. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि भाताखालचा गॅस बंद करायचा विसरले. सगळा भात लागला. बाबांनी वरचा वरचा खाल्ला.

मागच्या वेळचं पुन्हा काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. ढगाची बाजू धरून राहायचं, पोटात शिरायचं नाही, हे तू मला पोळपाटावर पिठाने काढून दाखवलं होतंस. मला ते तेव्हाच पटलं होतं, फक्त बोलले नाही. आणि त्या दिवशी तुम्ही नेमके पोटात शिरलात. का, तर काचेमागे उन्हात तापून फोन बंद पडला आणि ढग कुठल्या अंगाला वळला ते कळलंच नाही. इथे आभाळ गडगडलं तशी मी आपली विळी गॅलरीत फेकली, आमच्या गावी वीज पडू नये म्हणून लोखंड अंगणात टाकतात तशी. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो, खालून कुणी जात असेल तर विजेआधी तोच जायचा! मी हसले. तोवर तिकडे गारांनी जीपची काच फुटली होती, सहदेवच्या मनगटाला टाके पडले होते, आणि तुमच्यासमोर शेतातलं आंब्याचं झाड उभं चिरलं होतं.

तू आलीस तेव्हा केसांत काचेचा चुरा होता. तो वेचता वेचता मी म्हटलं, हे थेर सोड, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच विचारलंस, आई, ढगांमागे निघताना तू एकदा तरी माझ्या हातावर दही ठेवलंस का गं? आणि बॅग भरून बाळकुमला मैत्रिणीच्या खोलीवर निघून गेलीस.

खरंच, नाही ठेवलं. तुझ्या दहावीच्या पेपराला ठेवलं, नोकरीच्या मुलाखतीला ठेवलं. बाबा कोलशेतच्या कंपनीत रात्रपाळीला जायचे तेव्हा ते कंटाळायचे, म्हणायचे, अगं रोज काय दही, मी काय लढाईवर चाललोय? तरी मी ठेवायचे. ढगांमागे निघालीस की मात्र तू उंबऱ्यात तळहात पुढे करून थांबायचीस आणि मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायचे. तुला वाटायचं, आई रागावलीय.

तू लहानपणी विचारायचीस, आजीकडे एवढ्या म्हशी, मग जेवताना ताक का नसतं? मी म्हणायचे, आजीला पित्त होतं. पित्त नव्हतं. तुझा मारुतीमामा, ज्याचा फोटो देवघराशेजारी आहे, तो तापाने गेला असं मी तुला सांगत आले. तो सड्यावर गेला, विजेने. पलीकडच्या वाडीत आत्याकडे कैऱ्या पोचवायला निघाला होता. आभाळ निरभ्र होतं. आजीने त्याच्या हातावर दही ठेवलं, त्याने ते चाटलं, हात चड्डीला पुसला आणि पळाला. सडा म्हणजे नुसता कातळ गं, झाड नाही की आडोसा नाही. ढग मागून डोंगरावरून आला. कुठे आला, किती जवळ आला, त्याला कोण सांगणार? त्यानंतर त्या घरात कधी विरजण लागलं नाही. आजी म्हणायची, मीच धाडला त्याला. सासरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याकडून पुन्हा दही लावून घेतलं, सवय झाली. पण आभाळाखाली जाणाऱ्याच्या हातावर ठेवायला माझा हात उठत नाही. दही ठेवलं म्हणजे मी पाठवलं. काही झालं तर देवीला काय सांगू?

आता खोक्याचं. परवा बाबा म्हणाले, ती फोनवर भरवसा ठेवून पुन्हा जाणार, निदान नीट टॅब तरी घेऊ. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काकू, नातवंडांच्या अभ्यासाला ना? मी म्हटलं, नाही, मुलीला वादळं बघायला. तो बाबांकडे बघायला लागला. त्याने स्वस्तातला पुढे केला. आत दिव्याखाली ढगांच्या रडारचं चित्र छान दिसत होतं, हिरवं, पिवळं, मध्ये लाल. मी म्हटलं, बाहेर उन्हात नेऊन बघते. तो म्हणाला, काकू, ही काय साडी आहे? मी म्हटलं, दुकानातला उजेड सगळ्याला सारखाच फसवतो. भर दुपारी रस्त्यावर धरला. ढग दिसेना, हिरवं दिसेना, लाल दिसेना. त्यात माझंच तोंड दिसलं, घाबरलेलं.

दुसरा उन्हात दिसला. पण त्याला सिमची जागा नव्हती, आणि बाहेर रानात गेलं की आपण कुठे आहोत ते त्याला उमगणार नव्हतं. फोनच्या नेटवर ढग दिसणार, पण आपला ठिपका दिसणार नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा मनात आलं की हाच घ्यावा. तू वैतागशील, दोनदा फजिती होईल, नाद सुटेल. दुकानदाराला तसं म्हणणारही होते. मग मारुती आठवला. तू काही थांबणारी नाहीस, तू जाणारच. आणि मी तुला अर्धं दिसणारं यंत्र देऊन त्याच सड्यावर धाडणार.

तिसरा घेतला. बाबांना आरतीच्या ताटाएवढा हवा होता. मी म्हटलं, हलत्या जीपमध्ये एका हातात मावायला हवा. तो चालू ठेवून स्कूटरच्या तापल्या सीटवर ठेवायला लावला आणि आम्ही समोर उसाचा रस प्यायलो. दुकानदार दारातून बघत पुटपुटत होता. रस संपला तरी तो बंद पडला नाही, आणि निळा ठिपका बरोब्बर त्या रस्त्यावर होता. घरी आणून देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं. कुंकू मागे कॅमेऱ्याला लागलं असेल, पुसून घे. आणि वरचं प्लास्टिक मी स्वतः काढलंय. आपल्या फ्रिजच्या दारावरचं अजून तसंच आहे, तुला ठाऊक आहे. पण टॅबवरचं उन्हात चकाकतं.

बाबांनी मला एक गोष्ट वाचून दाखवली, तुला ती आधीच माहीत असणार. रडारवर दिसतो तो ढग आत्ताचा नसतो, थोडा मागचा असतो. तोवर खरा ढग पुढे सरकलेला असतो. लाल दिसेल तिथपासून लांबच राहा, तो तुमच्याकडे निघालेला असेल असंच धर. सहदेवलाही सांग. आणि माझंही तसंच आहे गं. तुझ्याजवळ माझं जे चित्र आहे, दारात पाठ फिरवून उभी असलेली आई, ते मागचं आहे.

म्हणून हे पत्र. उद्या जा म्हणायला लिहितेय. वाट थोडी वाकडी होईल, पण मुरबाडला जायच्या आधी जीप आपल्या फाटकाशी आण. पायरी चढू नकोस असं मी म्हटलं होतं, तर तू चढू नकोस. मीच उतरून येते. विरजण लावलंय. वाटी घेऊन फाटकात उभी असेन. गाडीतून उतरायचीही गरज नाही, काच खाली कर आणि हात बाहेर काढ.

तुझीच,
आई