वैष्णवीच्या गाडीचे टायर

२ एप्रिल २०२५

रविवारच्या पुरवणीसाठी लेख हवाय — चांगल्या टायरला जास्त पैसे का मोजावेत. सहाशे शब्द, शुक्रवारपर्यंत. सोपं आहे.

विजापूर रोडला चनबसप्पांच्या टायरच्या दुकानात तासभर बसले. म्हणाले, "ताई, एवढी मोठी गाडी, रस्त्याला टेकती किती? चार तळहात! बाकी सगळा शो." हलका टायर आपल्याकडच्या उन्हात तापतो, आतले थर सुटतात. चांगला टायर ब्रेक दाबल्यावर चार फूट आधी थांबतो. "त्या चार फुटांतच माणूस उभा असतो की!" हे लेखात घ्यायचं.

घरी आले तर माझी भावजय वैष्णवी तिच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकलेली. टायरला लिंबाएवढा फुगा! रोज चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाते ती, त्याच गाडीनं.

आई दारातूनच — "गाडी तुझ्या बापानं दिलीया. टायर बी त्यानंच घालावं. का तुला बी आमीच पोसायचं आन् गाडीला बी?"

माझा भाऊ अजिंक्य हसला. "हळू चालव की. लवकर जाऊन काय कलेक्टर होणार हायस?"

मी चपला काढून आत गेले. नवऱ्याकडून परत आल्यापासून मीही भावाच्याच घरात.

६ एप्रिल

वैष्णवीचे वडील कोंडीबा माळशिरसहून पिकअपमधून चार टायर घेऊन आले. स्वतः उतरवले. धोतराला काळं लागलं. "दुकानदार स्वस्तातलं दावत हुता. म्या म्हणलं, सगळ्यात भारी कंचं? पोरगी बसती त्यात."

चहा बाहेरच, पायरीवर. जाताना अजिंक्यपुढे हात जोडले — जावयापुढे!

पिकअप वळायच्या आत आई — "गेला एकदाचा. घरभर शेणाचा वास सोडून गेला." वैष्णवी त्यांचाच कप विसळत होती.

८ एप्रिल

अजिंक्यनं स्वतःची आणि वैष्णवीची, दोन्ही गाड्या पाळीपाळीनं दुकानात नेल्या. नवे टायर त्याच्या गाडीला! माप एकच. त्याचे जुने — नक्षी पार गेलेली, उन्हानं चिरलेले — वैष्णवीच्या गाडीला.

ती चारी चाकांभोवती फिरली. "हे बाबांनी आणलेले नाहीत."

"फुगा गेला न्हवं? मग! मला हायवेला जावं लागतं."

तिलाही हायवेलाच जावं लागतं.

"आन् बापाला फोन केलास, तर ह्याच गाडीत घालून सोडून येईन तुला. कायमची."

तिनं फोन केला नाही.

जेवताना मी म्हटलं, अजिंक्य, हे बरं नाही. "ताई, तू पेपरात लिही," म्हणाला आणि भाकरी मागितली. तिनं वाढली.

लेख शुक्रवारीच गेलाय. संपादक म्हणाले — झकास!

१३ एप्रिल

लेख छापून आला. आईला वाचता येत नाही. तिनं वैष्णवीला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावला. 'टायरवर वाचवलेले पैसे गाडीत बसणाऱ्याच्या अंगावरून वसूल होतात' — माझंच वाक्य. ती कुठंही अडखळली नाही.

अजिंक्यनं टाळ्या वाजवल्या. "ऐकलंस? म्हणूनच मी नवे घातले!" आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

नंतर स्वयंपाकघरात वैष्णवीनं विचारलं, "ताई, हे खरं असतं, का पेपरासाठी लिहिता?"

"खरं असतं."

"बरं," म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

१५ एप्रिल

बेचाळीस अंश! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय.

१७ एप्रिल

वैष्णवी गेली. जागच्या जागी. चिंचोळीच्या अलीकडे पुढचा टायर फुटला, गाडी दुभाजकावर.

दवाखान्याच्या आवारात आई कोंडीबांना म्हणाली, "तुमीच आणल्यालं टायर, पाहुणं. आमी काय करणार?"

ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमी टायरवर लिवता न्हवं. म्या सगळ्यात भारीच घेतलं हुतं. त्याच्याहून भारी असत्यात का?"

आई आणि अजिंक्य माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "असतात."