छकुलीचे गुण कुणाचे?

वालचंदनगर, ४ जानेवारी २०२४

ती. तात्यांस,
प्रियूचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही हो हो म्हणता, म्हणून हे पत्र. दत्तकाची परवानगी आली! छकुली तीन वर्षांची आहे. येत्या पंधरवड्यात घरी येईल. अविराज कामावरून आले की तिच्या खाटेला रंग देत बसतात.

सासूबाईंना मात्र हे पटलेलं नाही. परक्या रक्ताचे गुण कसे निघतील कुणी सांगावं, असं त्यांचं म्हणणं. पोर आली की त्या बारामतीला लेकीकडे कायमच्या जाणार म्हणतात. माझ्या आजारपणात उशाशी बसून ज्यांनी मला भरवलं, त्यांच्याशी भांडू कशी? त्या गेल्या तर मला घर खायला उठेल. तुम्ही जन्मभर भाषा शिकवलीत. गुण म्हणजे मुळात काय, ते त्यांना पटेल असं लिहा.

लोभ आहेच, आता तो छकुलीलाही पुरवा.
तुमची प्रियू

पळसदेव, ९ जानेवारी २०२४

चि. प्रियूस, अनेक मंगल आशीर्वाद.

हो हो म्हणतो, कारण शब्द नाही कळले तरी तुझा आवाज कानावर पडतो.

गुण या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ दोरा, दोराचा पेड. पेडात पेड वळले की दोर होतो. माणसाच्या अंगच्या गोष्टींना हाच शब्द लावणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं. जन्माचा पेड असतोच, विहीणबाई चुकत नाहीत. बाकीचे पेड घर वळतं.

पण शब्दाचं मूळ सांगून कुणाची भीती जात नाही. म्हणून त्यांना हेही वाचून दाखव. मी तुझ्या आजीच्या, भागुबाईंच्या, पोटचा नाही. जन्म देणारी बाळंतपणात गेली आणि शेजारच्या भागुबाईंनी मला उचलून घेतलं. तुला सांगायची कधी गरजच वाटली नाही. गावात अजून म्हणतात, बुद्धघोषचा स्वभाव थेट आईचा. एवढा मान मला दुसऱ्या कशानं मिळाला नाही.

सर्वांस जयभीम. आनंदात राहा.
तात्या

वालचंदनगर, १६ जानेवारी २०२४

बुद्धघोषराव व्याही यांस, द्वारकाबाईचा जयभीम.

पत्र सूनबाईकडनं लिहून घेतलंय. ती मधी मधी रडतीया, तवा अक्षर वाईट आलं तर तिलाच बोला. दोराचं तुमी झकास सांगितलं, पर माझं मन काय हललं न्हवतं. भागुबाईचं ऐकलं आन भरलेली पिशवी रिकामी केली. त्या माउलीनं तुमच्यासारखा माणूस घडवला, आन मी लेकीकडं पळून चालले हुते!

छकुली काल आली. कुणाला हात लावू दिला न्हाय, चप्पल सुदीक काढली न्हाय. लई येळानं माझ्या हातनं दूध प्याली. शेजारणी म्हणाल्या, पोर भारी हट्टी हाय. मी सांगितलं, असणारच, आजीवर गेलीया.

येणं करा, लोभ ऱ्हाऊ द्या.
द्वारकाबाई