सशाचं पाणी

आइविन्द,
पहाटेच्या बोटीनं कामावर निघालेय. डब्यांत पाव आणि तपकिरी चीज आहे.

काल सिग्नेला, स्वतःच्या लेकीला, खोटारडी म्हणालास, तिचा ससा आत्याकडे धाडायला निघालास. ससा कुठेही जाणार नाही. ती उठली की तूच तिला तसं सांग.

आणि "पाणी ठेवलंस का?" असं विचारूच नकोस. भांडं कोरडं दिसत असताना विचारायचं कशाला? एडीएचडीमुळे ती विसरते, मग घाबरून "हो" म्हणून मोकळी होते. भांडं हातात दे, नळापर्यंत सोबत जा.

रविवारी मी विचारलं, "आईला फोन केलास?" तूही झटकन "हो" म्हणालास. मी खोटारडा म्हटलं नाही तुला. नंबर लावून फोन हातात दिला.

लिव