शिंपल्याच्या बटणांचा परवाना

३ मार्च, मंगळवार
आमच्या बटणांच्या दुकानाचा घाऊक व्यापारी गेला! म्हणजे वारला नाही, धंदा आटोपून मुलीकडे राहायला गेला. सव्वीस वर्षं शिंपल्याची बटणं तोच परदेशातून आणायचा. आम्ही नुसतं म्हणायचो, "पाच पाकिटं, मधला आकार."

ताई म्हणाली, "प्लास्टिकची ठेव. कोण बघतंय?"

आमचे वडील, अण्णा, बघायचे. बटण गालाला लावायचे, गार लागलं म्हणजे खरा शिंपला, तरच घ्यायचे. आम्ही दोघी बहिणी डोळे मिटून तोच खेळ खेळायचो. मी कधी चुकले नाही. ताई दर वेळी चुकायची आणि वर माझ्यावरच चिडायची.

मीच मागवणार. थेट परदेशातल्या कारखान्यातून.

९ मार्च, सोमवार
कस्टमची कामं करणाऱ्या एजंटकडे गेले. कानावर पेन, टेबलावर फायलींचा डोंगर. म्हणाला, "आधी दुकानाची नोंदणी, मग कराचा नंबर, बँकेचं पत्र, आणि मग आयातदाराचा कोड. कोडशिवाय बंदरातून सुईसुद्धा सुटत नाही."

"एवढं केलं की झालं?"

"बटणं कशाची?"

"शिंपल्याची."

त्याने कानावरचं पेन काढलं. शिंपला म्हणजे प्राणी! वन्यजीव खात्याचा दाखला वेगळा.

१० मार्च
नोंदणी अजून अण्णांच्याच नावावर. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. की नकोच होतं सुचायला?

१७ मार्च, मंगळवार
वारस दोघी, म्हणून सह्याही दोघींच्या. ताई आठवडाभर टाळत होती. "गुडघे बोलतात माझे. दुकान भाड्याने देऊ, सुखाने बसू." तिचंही खोटं नाही. सकाळी आठपासून उभी असते.

आज भिंतीवरची जुनी नोंदणी फ्रेममधून काढली. मागून धुळीचा लोट! ताईने कागद हातात घेतला. अण्णांची सही, 'ण'ची शेपटी थेट खालच्या ओळीत गेलेली. "यांना कधी ओळीत लिहिता आलं नाही," म्हणाली आणि हसली. किती तरी दिवसांनी अशी हसली. मग दोघी बोलतच बसलो. सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णांनी आम्हाला बटणं निवडायला बसवलं होतं, आणि आईने त्यांना काय काय ऐकवलं होतं!

शेवटी ताईने सही केली. पण अट घातली. "हा एक माल. बुडाला तर कुलूप." मी हो म्हटलं. काय करणार?

३० मार्च
वन्यजीव खात्यातला माणूस भिंगातून बटण बघत म्हणाला, "या प्राण्याचं शास्त्रीय नाव?" आता त्याच्या गालाला लावून दाखवायचं तेवढं राहिलं होतं!

१४ एप्रिल, मंगळवार
कारखान्यातून शिंपल्याचं शास्त्रीय नाव कळलं. तिथे एकच म्हातारा कारागीर, पत्रव्यवहार त्याची मुलगी बघते. तो शिंपला बंदीच्या यादीत नाही. दाखला मिळाला, कोडही मिळाला!

कोडच्या अर्जात एक रकाना होता: 'व्यवसायाचा अनुभव.' पेन तिथेच अडलं. खोक्यावर बसून पाय हलवत बटणं निवडायचे तेव्हापासून धरायचा का? अण्णा मागून म्हणायचे, "घाई नको, बोटांना बघू दे." चाळीस वर्षं लिहिलं. एजंट म्हणाला, जास्त वाटतंय. म्हटलं, कमीच आहे.

१९ मे, मंगळवार
माल आला आणि अडकला. बिलावर चाळीस पाकिटं, पेटीत एकोणपन्नास! तपासणीच्या अधिकारी बाईंनी माझ्यासमोर पुन्हा मोजली.

"ही नऊ कुठून आली?"

"मला खरंच माहीत नाही."

"आयातदार तुम्ही ना? मग माहीत असायला हवं."

बरोबरच आहे. नियम काय, दंड काय, माल जप्तही होऊ शकतो.

ताईने ऐकलं आणि दुकानाचं कुलूप काढून गल्ल्यावर ठेवलं. 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं तरी म्हणायचं. त्या कुलपाचीच जास्त भीती वाटली.

२२ मे, शुक्रवार
कारागिराच्या मुलीचं उत्तर आलं. "बाबांचे डोळे गेले. तुमचा माल शेवटचा, कारखाना बंद केला. उरलेली नऊ पाकिटं त्यांनी भेट म्हणून घातली. मला सांगितलंच नाही."

भेटसुद्धा कागदावर दाखवावी लागते! दुरुस्त बिल, खुलासा, नऊ पाकिटांवरचं शुल्क. अधिकारी बाईंनी सगळं वाचलं. "पहिलीच चूक म्हणून सोडते." शिक्का मारताना हळूच म्हणाल्या, "माझ्या आईच्या कोटाला अशीच होती."

पेटी दुकानात आणली. ताईने एक पाकीट ट्रेमध्ये ओतलं. तोच आवाज, अगदी तोच! आई मागच्या खोलीतून आता हाक मारेल असं वाटलं. दोघी हात न लावता बघत राहिलो. आता अशी बटणं कुणीच करणार नाही. माल बुडाला नाही, पण संपलाच म्हणायचा.

२३ मे, शनिवार
सकाळी सातलाच गेले तर दुकान उघडं. ताई माझ्याआधी हजर! "त्या मुलीला विचार, बटणं कापायची यंत्रं विकणार का?"

विचारलं. विकणार आहेत. एक माणूस महिनाभर येऊन शिकवेलसुद्धा.

एजंटला फोन लावला. म्हणाला, यंत्रांचे नियम वेगळे, पुन्हा पहिल्यापासून. मी काही बोलायच्या आत ताईने फोन ओढून घेतला.

"हं, सांगा. काय काय कागद लागतील? मी लिहून घेते."