सभासदांचं आधी

अण्णा, आज कचेरीतून एक कागद घरी आणलाय आणि तो भरायचं सोडून तुम्हाला लिहीत बसलेय. मी अजून शहरातल्या त्याच दवाखान्यात आहे. मेंदू मेलाय पण यंत्रावर श्वास चालू आहे, अशा माणसाच्या घरच्यांशी बोलायचं, अवयव देता का विचारायचं, आणि दिले तर यादीप्रमाणे पोचवायचे, हे माझं काम. कागदावर प्रश्न एकच आहे. दान झालेला अवयव आधी राज्याच्या त्याच विभागातल्या रुग्णाला मिळावा, की साऱ्या देशाची एकच यादी असावी? सगळ्यांनी लेखी मत द्यायचंय. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आपल्या भागातली माणसं काळजावर दगड ठेवून देतात. ते सगळं विमानानं परराज्यात गेलं, तर उद्या कोण देईल?" त्यांचं काही खोटं नाही. पण ते बोलत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

मी दहा वर्षांची असेन. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आष्टीकडच्या आपल्या गावात एकच विहीर जिवंत होती, ती सहकारी पाणी सोसायटीची, आणि तुम्ही तिचे चेअरमन. तुम्ही विहिरीजवळ बाज टाकून बसलेले, मांडीवर सभासदांची यादी. घरटी तीन घागरी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घागरीसुद्धा ओळीत मांडलेल्या असायच्या. त्यांची पाळी आली की तुम्ही त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना हाका मारायचा, पण मागच्याला पुढं सरकू द्यायचा नाही. इतके तुम्ही नेकीचे. त्या दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक बाई लांब उभी आहे, कडेवर वर्षाचं पोर. वस्ती दुसऱ्या ग्रामपंचायतीची, तिचं नाव यादीत असायचं कारणच नाही. मी आपल्या वाट्याची तिसरी घागर तिच्या घागरीत ओतते. ती दहा पावलं गेली असेल नसेल, तुम्ही तिला माघारी बोलावता, घागर उतरवून घेता आणि सगळ्यांसमोर परत विहिरीत रिकामी करता.

"कावून दिलंस?" तुम्ही मला विचारलंत.

"आपल्या वाट्याचं दिलं."

"वाटा आपला आसंल, हीर सोसायटीची हाय. आज तू एक दिलीस, उद्या सगळी वस्ती ओळीत हुबी ऱ्हाईल. सभासदांचं आधी."

ती बाई भांडली नाही. तिनं घागरीत हात घालून आतली ओल पुसून घेतली आणि तो तळवा पोराच्या ओठांवर फिरवला. नंतर कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढं तुमच्याच दोन्ही किडन्या गेल्या. नगरवरून पुण्याला जाणं आपल्याला सोयीचं. डॉक्टरांनीही सुचवलं होतं की पुण्याकडच्या यादीत नाव लावा, तिकडं दान जास्त होतं. तुम्ही ऐकायला तयार नाही. "आपुन मराठवाड्याचे. तिकडं पाव्हन्यावानी कशाला जायचं? अन् लेक हाय की हितं." मग इथंच, मराठवाड्याच्या यादीत, नाव लागलं. तुम्हाला डायलिसिसच्या मशीनवर घेतलं की दर वेळी तुमचा एकच प्रश्न, आपला नंबर कितवा? मी सांगायची, अण्णा, असा नंबर नसतो, रक्तगट बघतात, बाकी बरंच बघतात. तुम्ही म्हणायचा, "यादी म्हनलं की नंबर आलाच." तुम्हाला यादी म्हणजे काय ते माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

अशाच एका सकाळी तुम्ही आत मशीनवर होता आणि मला फोन आला. "ताई, वळखलं का? वड्यापल्याडची म्या." ती तीच होती. कडेवरचा तो मुलगा चोवीस वर्षांचा झाला होता, उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता आणि पुण्याच्या एका दवाखान्यात होता. "छाती हालती, पर डाक्टर म्हनत्यात आता त्यात काय न्हाई. किडनी देता का म्हनले. देते म्हनलं. चेअरमन मशिनीवर हायती आसं गावात ऐकलं व्हतं, म्हनून म्हनलं, त्यांना द्या. तर ते म्हनत्यात, यादी येगळी हाय. तुमी त्यातल्याच, तुमी बोला की."

मी रक्तगट विचारला. तुमचाच होता. मग रोज दुसऱ्यांना समजावते तेच तिला समजावलं. नाव घेऊन कुणालाच देता येत नाही, आणि किडनी आधी तिकडच्या विभागातल्या यादीवर जाते. "मंजी तितं बी सभासदांचं आधी," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. नियम समजला, एवढंच तिला सांगायचं होतं. नंतर ती रडायला लागली.

मी आत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुनाचा फोन?" मी म्हटलं, कामाचा. चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

देशाची एकच यादी असती तर तुम्ही वाचला असता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतला कुणीतरी पुढं असता. एक यादी झाली की मोठ्या शहरांतले मोठे दवाखानेच सगळं ओढून नेतील, ही भीतीही मला आहे. आपल्या बीडच्या माणसानं द्यायचंच आणि घ्यायची वेळ आली की लांब उभं राहायचं, हेही मला नको आहे. म्हणून कागद अजून कोरा आहे. उद्या काहीतरी लिहून देईन.

हे पत्र मात्र कुणाला द्यायचं नाही. तिनं तुमचं नाव घेतलं होतं, हे मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमच्या जिवाला लागेल म्हणून, असं मी आईला सांगत आले. ते खरं नाही, अण्णा. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मीही खूप रडले, पण त्याआधी मला ती विहिरीत रिकामी होणारी घागर दिसली होती, आणि तुमचाच नियम तुम्हाला लागला याचं क्षणभर बरं वाटलं होतं.